शह आणि चेक : एकाच शब्दाच्या दोन वाटा

दादरकरीण (धागाकर्ती)

नमस्कार.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या दादरच्या घरात माझे वडील आणि माझी अकरा वर्षांची मुलगी बुद्धिबळ खेळत बसले होते. मुलीने उंट तिरका सरकवला आणि ती ‘चेक’ म्हणाली. वडिलांनी राजा एक घर बाजूला घेतला, दोन खेळ्यांनंतर घोडा पुढे घातला आणि ते ‘शह’ म्हणाले. ‘आजोबा मराठीत म्हणतात आणि मी इंग्रजीत, एवढाच फरक ना?’ असे मुलीने विचारले आणि मी स्वयंपाकघरातूनच ‘हो’ म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र ते उत्तर मला टोचू लागले, कारण ते चुकीचे होते. त्या दोघांनी एकच शब्द उच्चारला होता. तो दोघांच्या तोंडी दोन निरनिराळ्या वाटांनी आला होता, इतकेच. त्यातली दुसरी वाट फार लांबची आहे आणि त्या वाटेवर या शब्दाने इंग्रजीत जे काही पेरले, त्याचे पीक आपण मुंबईत रोज वापरतो. ते नीट मांडावे म्हणून हा धागा.

शह म्हणजे फारसीतला ‘शाह’, अर्थात राजा. प्रतिपक्षाच्या राजावर मारा आला की त्याला सावध करण्यासाठी खेळणारा ‘शाह!’ असे म्हणत असे. ‘तुझा राजा सांभाळ’ असा त्याचा भाव. खेळ मुळात आपला. बाणभट्टाने ७व्या शतकात हर्षचरितात अष्टापद या चौसष्ट घरांच्या पटाबरोबर चतुरंगाचा उल्लेख केला आहे. हा चतुरंग इराणात गेला तेव्हा त्याचा ‘चतरंग’ झाला, अरबांच्या तोंडी ‘शतरंज’ झाला आणि अरबांकडून तो युरोपात पोचला. तिकडे लॅटिनमध्ये ‘शाह’चे रूप ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’ उरले. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ आले. म्हणजे बुद्धिबळाच्या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ ‘राजे’ एवढाच आहे. जर्मनमध्ये या खेळाला ‘शाख’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ या शब्दाला आज अपयश असाही अर्थ आहे, आणि ज्याने कधी हरता डाव खेळला आहे त्याला तो अर्थ कुठून आला हे सांगायला नको.

‘मात’ हीही त्याच घरातली. ‘शाह मात’ याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सांगण्याची प्रथा आहे, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. परंतु फारसीत त्याच उच्चाराचा शब्द ‘निरुपाय झालेला, हतबल’ या अर्थाचा आहे आणि अभ्यासकांचा कल या दुसऱ्या अर्थाकडे अधिक आहे. मला तो खेळाशीही अधिक जुळणारा वाटतो. बुद्धिबळात राजाला कधीच मारत नाहीत. त्याला हलायला जागा उरत नाही, तेथेच डाव संपतो.

आता अर्थाकडे वळते. राजाला शह बसला की खेळणाऱ्याच्या मनातले सगळे बेत थांबतात. आधी शहाची सोय लावावी लागते. त्यामुळे १४व्या शतकातच इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ अडवणे, आवर घालणे असा झाला. मराठीनेही हे पाऊल स्वतंत्रपणे टाकले आहे. आपण राजकारणात ‘शह दिला’ म्हणतो, ‘शह-काटशह’ म्हणतो, आणि त्या वेळी आपल्या डोळ्यांसमोर पट नसतो. पण मराठी ‘शह’ तेथेच थांबला आणि इंग्रजी ‘चेक’ पुढे चालत राहिला. अडवण्यावरून तो तपासण्यावर आला. माणसाने मनाला येईल तसा हिशोब मांडू नये, म्हणून त्याच्या कागदाला दुसऱ्या कागदाचा अडसर असावा. दोन्ही जुळले तर व्यवहार पुढे जावा, नाही तर थांबावा. आपल्या जुन्या दप्तरांत याला ‘रुजुवात’ म्हणत. ‘कंट्रोल’ हा शब्दही असाच दुसऱ्या नोंदवहीतून, मूळ गुंडाळीच्या ताडून पाहायच्या नकलेतून जन्मला आहे, हे सांगितल्यावर ‘चेक’चा प्रवास विचित्र वाटत नाही.

या प्रवासातला मला सर्वांत आवडणारा मुक्काम इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीचा आहे. तेथे १२व्या शतकात राज्याचा जमाखर्च एका मोठ्या मेजावर होत असे. राजाच्या खजिन्याचा अधिकारी रिचर्ड फिट्झनील याने त्या शतकाच्या उत्तरार्धात या कचेरीच्या कामकाजावर लॅटिनमध्ये संवादरूप ग्रंथ लिहिला आणि त्यात मेजाची मापेही दिली. मेज सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद होते, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड होती, आणि त्यावर रेघा मारलेले काळे कापड अंथरलेले असे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे. म्हणून पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार असे रकाने धरून त्यांत सोंगट्या मांडत. एका बाजूला खजिनदार आणि समोर आपापल्या परगण्याची वसुली घेऊन आलेला शेरीफ. फिट्झनील स्वतः सांगतो की पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी येथे या दोघांत होते. म्हणून त्या मेजाला आणि पुढे त्या कचेरीलाच ‘बुद्धिबळाचा पट’ या अर्थाचे नाव पडले. त्याचेच इंग्रजी रूप ‘एक्स्चेकर’, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. चौकटीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात, तेही या पटाच्या नावावरूनच.

आणि आपला बँकेचा चेक? १८व्या शतकाच्या आरंभी सरकारी हुंडीचा जो अर्धा भाग पडताळ्यासाठी मागे ठेवत, त्याला ‘चेक’ म्हणत. पुढे असा पडताळा असलेल्या कागदालाच ते नाव मिळाले, आणि शेवटी पेढीवर काढलेल्या पैशाच्या आज्ञेला. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये त्याचे स्पेलिंग ‘एक्स्चेकर’च्या वळणावर cheque असे नेले गेले; अमेरिकेने जुने check ठेवले. म्हणून एकाच उच्चाराची दोन रूपे दिसतात आणि ती दोन वेगळी कुळे आहेत असा समज होतो. ती तशी नाहीत.

या विषयातली आपापल्या व्यवसायातील माहिती जाणकारांनी कृपया द्यावी.

निवृत्त रोखपाल

लेख मनापासून वाचला. फोर्टमधल्या एका बँकेत मी ३४ वर्षे काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या, म्हणजे बँकांनी एकमेकांचे चेक वटवून घेण्याच्या, मेजावर. त्या अनुभवातून दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट त्या मागे राहणाऱ्या अर्ध्या भागाची. चेकबुकातून चेक फाडला की डाव्या हाताला जी पट्टी उरते तिला आपण काउंटरफॉइल म्हणतो. हा शब्द त्याच एक्स्चेकरमधला आहे. तेथे पैसे भरल्याची पावती कागदावर नव्हे, हेझल झाडाच्या काठीवर देत. रकमेप्रमाणे काठीवर खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा कचेरीत. हिशोबाच्या दिवशी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. खाचेला खाच भिडली आणि लाकडाचा दोरा जुळला तर व्यवहार खरा. कचेरीत राहणाऱ्या भागाला ‘फॉइल’ म्हणत. ही पद्धत १९व्या शतकापर्यंत चालली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि इंग्लंडचे संसदभवन जळाले. मी नोकरीला लागलो तेव्हा एक वयस्कर सहकारी नव्या मुलांना ‘काउंटरफॉइलवर आधी लिहा, चेकवर नंतर’ असे रोज बजावत असत. त्या काठीची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तिचे मर्म तेव्हाच शिकवले गेले होते.

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्ट्यावर जे आकडे असतात तेही पडताळ्यासाठीच आहेत. सुरुवातीचे सहा आकडे चेकचा क्रमांक. त्यापुढच्या नऊ आकड्यांत पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर त्या नवांची सुरुवात ४०० ने होते, आपल्या पिनकोडप्रमाणेच. ही शाई चुंबकीय असल्यामुळे वरून शिक्का उमटला किंवा सही रेंगाळली तरी यंत्राला आकडे वाचता येत. आमच्या उमेदीत संध्याकाळी चेकचे गठ्ठे बांधून क्लिअरिंगला जात. २०१३ साली मुंबईत चेकची प्रतिमा पाठवण्याची पद्धत सुरू झाल्यावर कागद जमा करणाऱ्या बँकेतच राहू लागला.

दुसरी गोष्ट मराठी शब्दांची. चेक ‘वटतो’ किंवा ‘वटत नाही’ हे क्रियापद आपण इंग्रजीतून घेतलेले नाही. वटवणे आणि वटाव हे शब्द सराफी व्यवहारातले, हुंडीच्या काळापासूनचे. ‘धनादेश’ हा शब्द मला मान्य आहे, मी तो अर्जांत कटाक्षाने लिहीत आलो. पण ‘धनादेश वटला’ म्हणताना नवा शब्द जुन्या क्रियापदाच्या खांद्यावर बसतो, याचा मला आनंद होतो.

हुंडीत एक प्रकार ‘शाहजोग’. धनीजोग हुंडी ज्याच्या नावाची त्याला द्यायची. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या पेढीवाल्यालाच द्यायचे, म्हणजे चोराच्या हाती हुंडी लागली तरी पैसे सुटणार नाहीत आणि सुटले तरी कोणामार्फत गेले ते सापडेल. चेकच्या कोपऱ्यात आपण दोन तिरक्या रेघा मारतो त्यांचे कामही हेच आहे. असा रेखांकित चेक खिडकीवर रोख मिळत नाही, कोणत्या तरी बँकेमार्फतच यावा लागतो. असे असताना ‘शाहजोग’मधला शाह आणि ‘चेक’मधला शाह एकच असावा, असे मला वाटते. धागाकर्तीने सांगावे.

दादरकरीण

काठीची माहिती दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या लेखात जो दुवा निसटला होता तो तुम्ही जोडलात.

‘शाहजोग’बद्दल मात्र नम्रपणे वेगळे मत मांडते. व्यापारी अर्थाचा हा ‘शाह’ किंवा ‘साह’ संस्कृत ‘साधु’पासून ‘साहु’, ‘साह’ असा आलेला आहे. साधु म्हणजे सचोटीचा माणूस. ‘साव आणि चोर’ यातला साव तोच, ‘सावकार’ही तोच, आणि मुंबईत शेजारीपाजारी आढळणारे शहा हे व्यापारी घराण्यांचे आडनावही याच कुळातले मानतात. पुढे फारसी ‘शाह’च्या वजनामुळे उच्चार त्याच्याकडे झुकला आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले. म्हणून गंमतीचा भाग असा की, चेकच्या नावात इराणचा राजा आहे आणि त्याच्यावरच्या दोन रेघांचे काम करणाऱ्या हुंडीच्या नावात आपला सचोटीचा वाणी आहे. दोघे एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

या हुंडीचाच शब्द आजच्या बोलण्यात ‘शहाजोगपणा’ म्हणून टिकला आहे. पत असलेल्या माणसाचा नुसता आव आणणे, हा त्याचा उतरलेला अर्थ.

साहित्यवेडी

याच अनुषंगाने विचारते. शाहीर, शहाणा, शहर आणि छत्रपती या शब्दांचे ‘शाह’शी नाते आहे का? व्हॉट्सॲपवर ‘छत्रपती हा शब्द क्षत्रपवरून आला’ असा मजकूर वारंवार फिरतो, म्हणून विशेष करून विचारत आहे.

दादरकरीण

क्रमाने सांगते, आणि ज्यात नाते नाही ते आधी संपवते. शाहीर हा अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी; राजाचा येथे संबंध नाही. शहाणा हा ‘सज्ञान’चा वंशज, हिंदीतल्या ‘सयाना’चा भाऊ. छत्रपती म्हणजे छत्राचा स्वामी. छत्र आणि पती हे दोन्ही शब्द संस्कृत आहेत, अर्थ उघड आहे आणि त्याला क्षत्रपाच्या आधाराची गरज नाही. ध्वनी जवळचे आहेत म्हणून कुळ एक मानू नये. झेक देशाच्या नावाचाही आपल्या चेकशी संबंध नाही.

शहराचे मात्र नाते आहे, आणि ते फार सुंदर आहे. फारसी ‘शाह’ ज्या जुन्या इराणी शब्दावरून आला त्याचा उच्चार साधारण ‘क्षायथिय’ असा होता. इराणी सम्राट दारयवहु, म्हणजे इंग्रजीतला डॅरियस, याने बेहिस्तूनच्या कड्यावर इ. स. पूर्व ५२०च्या सुमारास स्वतःची ओळख कोरली आहे ती याच शब्दाने. त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘क्षि’, सत्ता चालवणे, हा धातू एकच. त्याच मुळापासून आपले ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ आले. आणि इराणी बाजूला जो ‘क्षथ्र’, म्हणजे राज्य, त्याचा घासून घासून ‘शहर’ झाला. मुंबई शहर म्हणताना आपण ‘क्षत्र’चाच इराणी उच्चार करत असतो.

आणखी एक शब्द आपण रोज लिहितो आणि त्यातला शाह आपल्याला दिसत नाही, तो म्हणजे लोकशाही. आदिलशाही, निजामशाहीतला ‘शाही’ हा प्रत्यय मराठीने इतका आपलासा केला की नोकरशाही, हुकूमशाही, घराणेशाही असे शब्द त्यातून सहज घडले. लोकशाहीत सत्तेच्या एका शाखेने दुसरीला आवर घालावा, या व्यवस्थेला इंग्रजीत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात. तेथेही शाह आणि येथेही शाह. एका बाजूला तो सत्ता आहे आणि दुसऱ्या बाजूला सत्तेवरचा अंकुश. दोन्ही अर्थ त्याला पटावरच मिळाले होते.

बोरिवलीकर

क्षत्रप हा शब्द निघालाच आहे म्हणून लिहितो. तो जुन्या इराणीतून आला आहे आणि त्याचा अर्थ राज्याचा रक्षक. या शब्दासाठी मुंबईकराला दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या एका टाक्याजवळ इसवी सनाच्या २ऱ्या शतकातला शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची कन्या होती, असा त्यात उल्लेख येतो. सातवाहन आणि क्षत्रप या एकमेकांना शह देणाऱ्या दोन घराण्यांतली ही सोयरीक. लेख बराच झिजला आहे आणि महाक्षत्रपाच्या नावाचे पहिलेच अक्षर उरले आहे; अभ्यासक ते रुद्रदामन असे वाचतात. मी दर पावसाळ्यात तेथे जातो. टाक्यांत अजून पाणी साठते.

साचेखाते

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणून चेक्सच्या कापडाबद्दल लिहितो. त्यांच्याकडून ऐकलेले आहे.

साधे कापड विणायला साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, आडवा धागा नेणारा एक धोटा पुरतो. उभे पट्टे हवे असतील तर ताण्याचे, म्हणजे उभे, धागेच रंगीत भरायचे, धोट्याला त्रास नाही. चौकडी हवी असेल तर मात्र बाणा, म्हणजे आडवा धागा, हाही रंग बदलत गेला पाहिजे, म्हणजे प्रत्येक रंगाचा धोटा वेगळा. अशा साच्याच्या एका कडेला वरखाली सरकणारी पेटी असे, तिला ड्रॉपबॉक्स म्हणत. ठरलेले धागे पडले की पेटी एक घर चढायची किंवा उतरायची आणि पुढचा धोटा निघायचा. वडील सांगत की चौकडीचा साचा सांभाळणारा कारागीर आवाजावरून ओळखायचा की पेटी वेळेवर हललेली नाही.

खरी परीक्षा घर चौरस येण्याची. एका इंचात बाण्याचे धागे ठरल्यापेक्षा कमी पडले तर चौकडी लांबट होते, जास्त पडले तर बसकी. वार-दोन वारांत ते डोळ्याला दिसत नाही. पण शिंप्याने शर्टाचे दोन पुढे शिवले की खिशाची रेघ छातीच्या रेघेला मिळत नाही. म्हणून कपडाखात्यात असे कापड मेजावर ओढून तपासत आणि चूक सापडेल तेथे खडूची खूण करत. त्या तपासणाऱ्याला चेकर म्हणत. चेक्सच्या कापडाला चेकर तपासतो, यात एकच शब्द दोनदा आला आहे हे मला या धाग्यामुळे आज कळले. वडील आज असते तर त्यांना वाचून दाखवले असते.

घरात मात्र आई या कापडाला ‘चौकडी’च म्हणायची. चौकडीचे लुगडे तिला आवडत असे.

वसईची वाचक

एक छोटी भर. पोर्तुगीज भाषेत बुद्धिबळाला ‘शाद्रेश’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘शतरंज’वरून, म्हणजे शेवटी आपल्या ‘चतुरंग’वरून आलेला आहे. आणि चौकटीच्या कापडालाही पोर्तुगीजमध्ये शाद्रेशच म्हणतात. इंग्रजांनी कापडाला राजाचे नाव दिले, पोर्तुगीजांनी खेळाचे. वसई १७३९पर्यंत आणि मुंबई १६६५पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे हे दोन्ही शब्द आपल्या किनाऱ्यावर बोलले गेले आहेत.

मुलुंडवासी

मी मुलुंड चेकनाक्याजवळ राहतो. मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेत असे तोपर्यंत येथे ट्रकांची रांग रात्रभर असायची. दहिसरला, मानखुर्दला, ऐरोलीलाही तशीच. चालक बिले घेऊन उतरायचा, कारकून बिलावरचा माल आणि ट्रकातला माल ताडून पाहायचा, रक्कम भरल्यावर दांडा वर जायचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याबरोबर जकात गेली. नाव मात्र राहिले. बसचा कंडक्टर अजून ‘चेकनाका’ असेच ओरडतो आणि त्या दिवसानंतर जन्मलेली मुलेही तेच म्हणतात.

तुमचा लेख वाचून लक्षात आले की या एका जोडशब्दात अडवणे आणि पडताळणे हे दोन्ही अर्थ एकत्र उभे आहेत. दांडा अडवायचा, कारकून पडताळायचा. ‘नाका’ आपला आणि ‘चेक’ इंग्रजी, असे मी आजवर समजत होतो.

लोकलमधल्या ‘चेकिंग’ला मात्र फक्त दुसरा अर्थ आहे, हे खरे. तिकीट असेल तर टीसी कोणाला अडवत नाही.

मराठीचा विद्यार्थी

प्रश्न असा आहे की ‘चेक करणे’ आपण मराठीत किती चालू द्यावे? माझ्या मते त्याने आपले चार-पाच शब्द गिळले आहेत.

दादरकरीण

तुमची तक्रार मला पटते, आणि ती मी नेमकी करून मांडते. इंग्रजीला एकाच शब्दात जे कोंबावे लागले, त्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डॉक्टर तपासतात, सोनार पारखतो, हिशोबनीस पडताळतो, आई भात शिजला का ते चाचपते, बेफाम खर्चाला आळा घालतात आणि शत्रूच्या चढाईला पायबंद. पायबंद म्हणजे घोड्याचे पाय बांधायची दोरी. ‘शह’प्रमाणेच तोही प्रत्यक्ष वस्तूवरून अर्थाकडे गेलेला शब्द आहे. या सगळ्या ठिकाणी ‘चेक केले’ म्हटले की काम कोणते झाले तेच कळत नाही. परवा माझ्या मुलीने ‘भाजी चेक केली’ असे सांगितले, तेव्हा तिने चव पाहिली, मीठ पाहिले की गॅस बंद केला, हे मला पुन्हा विचारावे लागले.

याउलट बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि चेकनाका ही नावे वस्तूंबरोबर आलेली आहेत. ती मराठीत शंभर वर्षे रुळली. त्यांना मी परके मानत नाही. क्रियापद मात्र आपले वापरावे, असा माझा आग्रह आहे.

गिरगावकर

वरच्या चर्चेत ‘पट’ हा शब्द अनेकदा आला म्हणून लिहितो. आमच्या चाळीतल्या खोलीत पणजोबांचा बुद्धिबळाचा पट आहे. लाल मांजरपाटाचा, दुहेरी शिवलेला, आणि घरे पिवळ्या दोऱ्याने टाके घालून आखलेली. त्यात काळी-पांढरी घरे नाहीत; चौसष्टच्या चौसष्ट घरे लालच आहेत. लहानपणी आम्हाला वाटे की पट अर्धवट राहिला आहे. शिवाय मधल्या चार घरांत आणि कडांच्या काही घरांत दोऱ्याच्या फुल्या काढलेल्या आहेत. त्या कशासाठी, हे घरात कोणाला सांगता आले नाही. पट अर्धवट आहे की पूर्ण?

दादरकरीण

पट पूर्ण आहे, आणि कृपया तो घडी घालून ठेवू नका. घडीवर जुने कापड आधी विरते. सुती कापडात गुंडाळून नळीवर ठेवा.

आपल्याकडच्या जुन्या पटांवर घरे एकाच रंगाची असत. दोन रंगांची घरे ही युरोपातली भर, इ. स. १०००च्या सुमारास लिहिलेल्या एका लॅटिन कवितेत तशा पटाचा उल्लेख येतो. उंटाची तिरकी चाल डोळ्याला पटकन दिसावी, ही त्याची सोय. म्हणजे ‘चेक्स’ या शब्दातला राजा पूर्वेकडून गेला, पण चौकटीचे दोन रंग त्याला पश्चिमेकडे मिळाले. माझ्या पहिल्या लेखात हे सांगायचे राहून गेले होते.

फुल्यांचा बुद्धिबळाच्या नियमांशी संबंध नाही. चौसष्ट घरांचा अष्टापद हा पट बुद्धिबळाच्या आधीपासून होता आणि त्यावर फाशांनी सोंगट्या पळवण्याचा खेळ खेळत. खुणेची घरे त्या खेळातली असावीत, असे अभ्यासक मानतात. बुद्धिबळ त्याच पटावर आले, जुना खेळ मागे पडला आणि पट शिवणारे हात फुल्या काढत राहिले. तुमच्या पणजोबांचा पट ज्यांनी शिवला त्यांनाही त्या फुल्यांचा उपयोग ठाऊक नसेल. त्यांनी आधीचा पट समोर ठेवून घरे मोजली असतील आणि जेथे फुली होती तेथे फुली घातली असेल.

शक्य झाल्यास पटाचे छायाचित्र येथे द्यावे. फुल्या नेमक्या कोणत्या घरांत आहेत ते वडिलांना पाहायचे आहे.